उमाशंकरची गाडी मागून फिरायची

दिवाळीपासून उमाशंकरची गाडी दुसऱ्या वळणावर मागून फिरायला लागली. गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची. पण तिला खेळणं म्हटलेलं त्याला खपायचं नाही. लातूरला चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस तो. बायको गेली, दुकान मिटलं, मग या गाडीत त्यानं जीव रमवला. महिन्यातून एका रविवारी तो नांदेडला जायचा. तिथं विष्णुपुरीच्या रस्त्याला याच नादातल्या मल्लेशचा मोकळा प्लॉट होता. त्यावर जुने पाइप अंथरून मातीचा रस्ता आखलेला. पाचसहा जण जमायचे, शर्यत लावायचे. उमाशंकरची थोरली बहीण जगदेवी डबा घेऊन सोबत असायचीच. नवरा वारल्यापासून ती त्याच्याकडेच राहत होती.

त्यांच्या निलंग्याकडच्या बोलीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. साठी उलटली तरी तो तिचा तम्माच होता. लहानपणी तो ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करायचा. गाडी एका अंगाला ओढायला लागली की बाकीची पोरं ती फेकून देत. हा मुकाट्यानं चाक काढून पुन्हा बसवायचा. खोट वस्तूतच असते, नीट शोधली की सापडते, हे त्याचं तेव्हापासूनचं मत.

आताही तेच चाललं होतं. त्यानं मागच्या स्प्रिंगा मऊ घातल्या. धक्के झेलणाऱ्या शॉकमधलं तेल बदललं. मागच्या चाकांनी माती धरून ठेवावी म्हणून ती नखभर आत वळवून बसवली. टायर तर दोनदा बदलले. तरी दुसऱ्या वळणावर गाडी गिरकी खायची आणि उलट तोंड करून उभी राहायची.

जगदेवीला कारण ठाऊक होतं. सकाळी तो इष्टलिंगाच्या पूजेला बसला की डाव्या तळव्यावरचं लिंग स्थिर असायचं, पण कपाळावर भस्म ओढताना उजव्या हाताची बोटं हिसका द्यायची. गुंड्यांचे सदरे त्यानं घालायचे सोडले होते. रिमोट डाव्या हातात धरून बोटानं त्याचा बंदुकीसारखा घोडा दाबला की वेग यायचा, आणि वळायचं ते उजव्या हातानं छोटं चाक फिरवून. बोटांनी हिसका दिला की गाडीही झटक्यानं वळायची आणि मागून सुटायची. दवाखान्याचं नाव कितीदा तरी जगदेवीच्या ओठांवर आलं. पण हाताचं कळलं तर याच्याजवळ उरेल काय, या भीतीनं ती गप्प राहिली.

शिवरात्र जवळ आली तेव्हा तिनं मल्लेशला गुपचूप फोन केला. हाताचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, गाडीच मठ्ठ करून टाकतो अक्का, अप्पाला कळू देत नाही. पुढच्या शर्यतीच्या रविवारी उमाशंकर हात धुवायला गेला तेवढ्यात त्यानं रिमोटची मांडणी बदलली. चाक कितीही झटक्यानं फिरवा, गाडी सावकाश आणि अर्धीच वळणार. उमाशंकरला सांगितलं, पुढची एक स्प्रिंग दबली होती, बदलली.

त्या दिवशी दहा फेऱ्यांत एकही गिरकी नाही. गाडी सगळ्यांच्या मागे राहिली, पण उमाशंकरला त्याचं काय? बायको गेल्यापासून तो असा हसला नव्हता.

"सापडलं बघ अक्का. पुढची स्प्रिंगच दगा देऊन राहिली होती."

त्याच आनंदात त्यानं रिमोट मल्लेशच्या हातात कोंबला. तू मार एक फेरा म्हणाला. मल्लेशनं बॅटरीचं निमित्त काढलं, जेवणाचं काढलं, पण बाकीचे ऐकेनात. शेवटी त्यानं गाडी सोडली. पहिलं वळण जपून काढलं. सरळ रस्त्यावर मात्र हाताला सवयीचा वेग आला, आणि दुसऱ्या वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ जाऊन पाइपावर आदळली.

"मल्लेशभाऊ, चष्मा घरी ठिवला काय?" कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

उमाशंकर हसला नाही. त्यानं गाडी उचलून आणली, रिमोट घेतला आणि त्यावरचं चाक पुरतं फिरवलं. गाडीची चाकं सावकाश अर्धी वळली आणि थांबली. चाळीस वर्षं दुरुस्त्या केलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं?

"मल्लेश, पयल्यासारखी कर."

"राहू द्या की अप्पा."

"कर म्हणलं न्हवं."

मल्लेशनं केली. उमाशंकरनं गाडी सोडली. दुसऱ्या वळणावर गिरकी. तो स्वतः चालत गेला, गाडी सरळ करून आला. पुन्हा गिरकी. तिसऱ्यांदा त्यानं गाडीकडे पाहिलंच नाही. उघड्या रेडिओत बघावं तसा तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. गाडी पाइप ओलांडून बोरीच्या झुडपात शिरली.

"अक्का, तुला कधीपसून ठाऊक हाय?"

"दिवाळीपसून, तम्मा."

"अन् मी स्प्रिंगा बदलून राहिलो." त्याच्या आवाजात राग नव्हता. "तवाच बोलली असतीस, तर..."

झुडपात अडकलेली चाकं घरघर फिरतच होती, कारण त्याचं डावं बोट अजून घोड्यावर आवळलेलं होतं. जगदेवी जवळ गेली. तिनं ते बोट हळूच सोडवलं, तेव्हा कुठं आवाज थांबला.