सज्ज्याचा जिना

शशिधरने बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावरचा हात काढला आणि मागे वळून म्हणाला, “अगं, ही वेल बघ.”

बाकावर वीणाची पिशवी होती. वीणा नव्हती.

“मी इथे आहे, वर.”

वेदीसमोरच्या कमानीलगत, भिंतीत खूप उंचावर, दारासारखी एक रिकामी चौकट होती. वीणा तिच्यात उभी होती. तिच्या बुटांची टोकं कडेच्या बाहेर आली होती आणि खाली नुसती फरशी होती.

“इथून पुढची वाट कुठे गेली हो?” तिने विचारलं.

ते त्याला माहीत होतं. एके काळी त्या चौकटीतून निघून कमानीवर आडवा जाणारा लाकडी सज्जा होता. सोळाव्या शतकात वरून हुकूम आला, गावोगावच्या चर्चमधले असे सज्जे पाडले गेले आणि भिंतीतले जिने तसेच राहिले. हा जिना बघायचा म्हणून तर तो लेस्टरहून बसने इथे आला होता. खालचं दार उघडायला सांगावं की नाही, हे ठरवण्यातच त्याचा बराच वेळ गेला. चर्चची देखभाल करणाऱ्या जिलियनबाईंनी मात्र हौसेने किल्ली आणली. मग आतला अंधार पाहून त्याचा धीर झाला नाही. दार उघडंच टाकून तो कुंडावरची नक्षी बघत बसला. वीणा हल्ली घरातल्या घरातही वाट चुकते, हे त्याने जिलियनना सांगितलं नव्हतं. लाज वाटली होती. कुणाची, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

“डोन्ट शाउट,” जिलियन त्याच्याजवळ येऊन पुटपुटल्या. “शॅल आय गो अप?”

त्याने नकारार्थी मान हलवली. वीणाला आता इंग्रजी पटकन उमगत नसे. ती दचकली असती.

“वीणा, जरा मागे सरक.”

“का? छान दिसतंय की.”

“मी येतो तिथे.”

“तुम्ही?” ती हसली. “या, या.”

जिन्यात शिरल्यावर ती दिसणार नव्हती. दारापाशी तो थांबला. जिलियन बाकांखालच्या, प्रार्थनेला गुडघे टेकायच्या जाड उशा गोळा करून चौकटीखाली रचू लागल्या होत्या.

“तू बोलत राहा,” तो म्हणाला. “तिथून काय काय दिसतं ते सांग.”

“तुमचं टक्कल दिसतंय.”

तो आत वाकला. जिना गोल वळत चढत होता. पायऱ्या मधोमध झिजलेल्या होत्या आणि दोन्ही खांदे दगडाला घासत होते.

“खांबाच्या डोक्यावर एक तोंड कोरलंय,” वीणाचा आवाज आला. “जीभ काढून दाखवतंय. तुमच्या पुस्तकात आहे का हे?”

“नाही.”

“मग कसली ती पुस्तकं! आणि ती बाई खाली उशा मांडतेय. झोपणार आहे वाटतं.”

त्याला हसू आलं आणि त्याचा पाय घसरला. गुडघा दगडावर आपटला. चेहऱ्यावर कोळिष्टक चिकटलं.

“पुढे सांग.”

आवाज आला नाही.

“वीणा?”

तो कान देऊन थांबला. खाली काही पडल्याचा आवाज येईल, या भीतीने त्याने श्वाससुद्धा घेतला नाही. मग हातांनी पायऱ्या चाचपत तो भराभर वर गेला. वळणाच्या पलीकडे उजेड होता. वीणा त्याच्याकडे तोंड करून उभी होती. तिच्या टाचा अगदी कडेवर होत्या.

बसमध्ये शेजारी कुणी बसायला आलं की जसं पाहावं, तसं तिने त्याच्याकडे पाहिलं.

“जपून हं,” ती म्हणाली आणि तिने त्याचं मनगट धरलं. “भिंतीच्या बाजूने या. इकडे पुढे काहीच नाहीये.”

त्याच्या ओठांवर तिचं नाव आलं होतं. ते त्याने गिळलं.

“आमचे हे खाली आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही ओळखता त्यांना?”

“थोडंफार.”

“मग बरं झालं.”

“चला,” तो हळूच म्हणाला. “मी सोडतो तुम्हाला त्यांच्यापाशी.”

तिने जरा विचार केला. मग कडेपासून एक पाऊल आत टाकलं, आणि दुसरं.

“मी इथे चढले होते, ते त्यांना सांगू नका,” ती म्हणाली. “फार घाबरतात ते.”

“नाही सांगत,” शशिधर म्हणाला. त्याने तिच्याकडे पाठ केली, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि अंधारात खालची पायरी पायाने शोधू लागला.