दशांशापर्यंत

चहाचा मग लेकीच्या टेबलावर ठेवता ठेवता सुखदेवांचा हात थबकला. लॅपटॉपवर आकड्यांच्या लांबच लांब रांगा होत्या आणि त्यांतली एकच रांग लाल होती. तिच्यावर लिहिलं होतं, ३८७. चहा थोडा सांडला. तो त्यांनी मफलरच्या टोकानं पुसला.

३८७ हा राजस्थानच्या वाळवंटातल्या एका हवामान केंद्राचा क्रमांक. नागपूरच्या सुखदेवांनी तिथं निरीक्षक म्हणून अकरा वर्षं काढली होती. बायको आणि चार वर्षांची दीक्षा नागपुरात, हे तिकडे वाळूत, आणि घरी येणं वर्षातून दोनदा. तीच दीक्षा आता इंग्लंडमधल्या रीडिंगच्या एका कंपनीत हवामानाचे अंदाज करत होती. आज ती ब्रॅकनेलच्या घरूनच कामाला बसली होती. भारताच्या पश्चिम आणि उत्तर भागात यंदाचा हिवाळा कसा जाईल, याचा अहवाल दुपारी चारला पाठवायचा होता. त्यासाठी केंद्रांच्या जुन्या नोंदी तपासणं चालू होतं, आणि ३८७ च्या नोंदी सुखदेवांच्याच अकरा वर्षांच्या होत्या.

"किनारा झाला, डोंगर झाले. वाळवंट अडलंय," ती लॅपटॉपकडे बघून म्हणाली.

कॉलवर पलीकडे अपूर्व होता, तिचा पुण्याचा सहकारी. "ते थ्री-एट-सेव्हन उडव ना, डाउटफुल म्हणून तर लाल केलंय. आजूबाजूच्या सगळ्या स्टेशन्सपेक्षा मिनिमम दोन डिग्री कमी दाखवतंय. ऑब्झर्व्हर झोपेत वाचत असणार."

"उडवलं तर आउटलुक नॉर्मल येतो. ठेवलं तर फ्रॉस्टची वॉर्निंग द्यावी लागते. जानेवारीत तिथं जिरं उभं असतं अपूर्व, एका रात्रीत जळतं."

"आणि वॉर्निंग चुकली तर क्लायंट आपल्याला सोडणार नाही."

"म्हणूनच तू चेक कर. मी त्या स्टेशनला हातसुद्धा लावणार नाही. तू म्हणशील ते फायनल."

सुखदेव स्वयंपाकघरात येऊन मेथी निवडायला बसले. झोपेत! त्यांची कानशिलं तापली. घरी गेलेले मोजके दिवस सोडले तर अकरा वर्षं रोज सकाळी साडेआठला ते तापमापीच्या त्या पांढऱ्या पेटीसमोर उभे राहिले होते. दार उघडायचं, श्वास रोखायचा, नाहीतर श्वासानंच तापमापी चढते. मग गुडघे वाकवून डोळा बरोबर तापमापीतल्या, रात्रीचं किमान दाखवणाऱ्या काडीच्या टोकाच्या पातळीवर आणायचा. जरा वरून पाहिलं की आकडा बदलतो. आधी दशांश वाचायचा, मग पूर्णांक. बहुतेक लोक शून्यावर नाहीतर पाचावर भागवतात, त्याला कष्ट कमी. सुखदेवांनी कधी भागवलं नाही. त्यांच्या बापाला सही येत नव्हती, अंगठा लावायचा तो. त्याच्या पोराच्या हातचे आकडे दिल्लीला जात होते, ते काय अदमासानं जाणार होते?

आणि दोन अंश कमी का, तेही त्यांना ठाऊक होतं. केंद्राची जागा खोलगट होती. रात्री सगळा गारठा तिथं उतरून बसायचा. आजूबाजूची केंद्रं वस्तीत होती, भिंतींच्या उबेला. जिरं मात्र खोलगट रानातच लावत होते.

एवढंच जाऊन सांगायचं. दहा पावलं होती. पण सुखदेव उठले नाहीत. आपण सांगितलं तर पोरगी ऐकेल, आणि बापाचं म्हणून ऐकेल. मग त्या आकड्यांची किंमत काय राहिली? तापमापी वाचताना बाजूला कोणी बोललेलं त्यांना कधी चाललं नव्हतं, आता स्वतःच कसं बोलायचं? त्यांनी मेथीची एकेक काडी अशी निवडली की जुडीभर भाजीला तास लागला.

एक वाजता दीक्षा जेवायला आली. तिला नंबर ओळखू आला असेल का, हे तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ती भाकरी मोडत होती.

"मग? वाळवंटाचं काय सांगून राहिले तुमचे लोक?" शेवटी त्यांनी विचारलंच.

"अजून ठरलं नाही बाबा. अपूर्व बघतोय."

"हुशार आहे पोरगा?"

"खूप. आणि कोणाचं ऐकत नाही."

"मग बरं आहे," सुखदेव म्हणाले आणि ताटात नसलेला ठेचा शोधू लागले.

पावणेचारला बाहेर अंधारून आलं, नोव्हेंबरात इथं हे असंच. लॅपटॉप वाजला तेव्हा सुखदेव दाराशी उभे होते, हातात धुतलेला मग घेऊन.

"दीक्षा, ठेवायचं ते स्टेशन." अपूर्वचा आवाज सकाळपेक्षा वेगळा होता. "मॅपवर पाहिलं, जागा खोलगट आहे, थंड हवा तिथंच साचणार. पण ते सोड. मी शेवटचे डिजिट्स मोजले. बाकीच्या स्टेशन्सचे निम्मे आकडे शून्य आणि पाच. याचे शून्यापासून नऊपर्यंत सगळे सारखे. अकरा वर्षं, यार! दिवाळी नाही, होळी नाही. इतका क्लीन रेकॉर्ड मी आयुष्यात पाहिला नाही. सकाळी उगाच बोललो मी."

"मेलवर दे. आत्ता."

मेल आला. दीक्षानं तो शेवटपर्यंत वाचला, वाळवंटाच्या परिच्छेदात दंवाचा इशारा लिहिला आणि अहवाल पाठवून दिला. मग तिनं लॅपटॉप उचलला आणि सरळ दाराकडे वळवला.

"अपूर्व, हे माझे बाबा. सुखदेव. तुझा ऑब्झर्व्हर."

पलीकडे तो घाईघाईनं नीट बसला. "काका! सॉरी, काका... नमस्कार. दीक्षा, तू आधी नाही का सांगायचंस?"

"सांगितलं असतं तर तू इतकं चेक केलं असतंस?"

सुखदेवांनी हातातला मग खाली ठेवला. जुन्या सवयीनं ते ताठ उभे राहिले. "तुले माहीत होतं, बेटा?"

"तुमच्या प्रत्येक पत्रावर केंद्राचा शिक्का असायचा, बाबा. मी लिहायला शिकायच्या आधी तो नंबर शिकले." तिनं डोळे पुसले नाहीत, तसंच हसली. "शाळेत मुली विचारायच्या, तुझा बाप तिकडे करतो काय? मला सांगता यायचं नाही. आता ऐकलंत ना, काय करत होता?"

ऐकलं होतं त्यांनी. दिल्लीहून कधी शाबासकीचं पत्र आलं नव्हतं, ते जणू आज ब्रॅकनेलला आलं, आणि तेही वशिल्याशिवाय. ते खुर्चीवर बसले. त्यांनी पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं. ती रांग आता इतरांसारखीच काळी झाली होती.

"एक आकडा खोटा आहे त्यात," ते म्हणाले.

"काय?"

"चौदा जानेवारी, अठ्ठ्याण्णव. साडेतीन लिहिलं आहे. पाहा."

दीक्षानं शोधलं. होतं. साडेतीन.

"आदल्या दिवशी तुझं पत्र आलं होतं. पयलं. मोठ्या मोठ्या अक्षरात, बाबा कधी येणार म्हणून. सकाळी पेटी उघडली तर डोळ्यात पाणी. काडीच दिसेना. तीनच्या वर होती, एवढं दिसलं. ठोकून दिलं साडेतीन." त्यांनी मफलर नीट केला. "सत्तावीस वर्षं मनात राहून राहिलं ते."

अपूर्व हळूच म्हणाला, "काका, चार हजारांत एक. राहू द्या ना. आउटलुकला काही फरक नाही पडत."

दीक्षा बापाकडे बघत होती. तिनं चौदा जानेवारीच्या त्या चौकोनावर बोट नेलं आणि तेवढा एकच आकडा लाल केला.

"झालं, बाबा," ती म्हणाली.

सुखदेवांनी पडद्याजवळ वाकून, डोळा अगदी पातळीवर आणून, खात्री करून घेतली.