‘प्रेस’ लिहिलेल्या पाटीचा सूड

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. माझ्या अंगावर एकच शब्द आहे: ‘प्रेस’. शब्द इंग्रजी, पण सगळ्यांच्या तोंडी रुळलेला.

मित्रांनो, माझा पहिला मालक छापखानेवाला होता. तो मला रोज फडक्याने पुसायचा. म्हातारपणी त्याने यंत्र विकलं आणि मला समोरच्या इस्त्रीवाल्या वहिनींना दिलं.

“अहो, मी कुठे काय छापते?” वहिनी म्हणाल्या.

“प्रेस म्हणजे दाबणे. मी अक्षरं दाबली, तुम्ही सुरकुत्या दाबा!”

मी त्यांच्या दारावर चढले. नवरा गेल्यावर वहिनींनी त्या एका खोलीच्या जोरावर दोन मुली वाढवल्या होत्या.

ती खोली त्यांच्या दिराच्या डोळ्यांत सलत होती. एका दुपारी वहिनी कपडे पोहोचवायला गेल्या, तेव्हा त्याने मला पकडीने उपटलं. माझा कोपरा दुमडला, रंगाचे टवके उडाले. त्याने मला गाडीच्या पुढे तारेने बांधलं. प्रेस म्हणजे वर्तमानपत्रवालेसुद्धा, हे मला तेव्हा कळलं. कारण हा गडी एका रात्रीत पत्रकार झाला! गाडी वाटेल तिथे लावायची, रांगेत घुसायचं, कुणी हटकलं की माझ्याकडे बोट दाखवायचं. चिखल माझ्या तोंडावर, रुबाब त्याचा. मी दातओठ खात होते. गाडी खड्ड्यात आदळली की तारेवर मुद्दाम घासायचे.

शेवटी तो वहिनींच्याच दारात आला. “खोली सोडा, नाहीतर पेपरात तुमची अब्रू काढीन!” म्हणत त्याने गाडीवर मूठ आपटली. तार तुटली. मी थेट त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडले, धारेच्या बाजूने.

तो एका पायावर नाचत असताना कपडे न्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, “कुठल्या पेपरात असता?”

“सगळ्याच!”

“असं? त्यातल्या एकात मी बातम्या लिहिते. तुमचे संपादक कोण?”

“ते... सारखे बदलतात.”

गिऱ्हाइकं फिसकन हसली. वहिनींनी मला उचललं. “ही पाटी माझी आहे, भावजी. आणि खोलीही.”

तोतया पत्रकाराची बातमी फोटोसकट छापून आली. वहिनींनी त्या पेपरची रद्दी मुद्दाम मागवली आणि गिऱ्हाइकांचे कपडे त्यातच बांधून घरोघर पाठवले. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

पुढे एकदा तो चुरगळलेला शर्ट घेऊन दारात उभा राहिला. “वहिनी, उद्या त्याच प्रकरणाची कोर्टात तारीख आहे...”

“रांगेत थांबा, भावजी.”

तो थांबला, पुन्हा दारावर चढलेल्या माझ्याच खाली, मान खाली घालून. वहिनींनी शर्टाला कडक इस्त्री करून दिली.

मित्रांनो, दुसऱ्याच्या दारावरची पाटी जपा, उपटू नका. वहिनी माफ करतात. इस्त्री माझ्या हाती असती, तर मी तो शर्ट जाळला असता.