शेजाऱ्यांना विचारून सांगणारा संगणक

मित्रांनो, मी नकाशे करणाऱ्या कचेरीतला एक जुना संगणक आहे. विमानातून काढलेली छायाचित्रे बघायची आणि पाणी कुठे, झाडी कुठे, घरे कुठे हे ठरवायचे, हे माझे काम. असे छायाचित्र म्हणजे असंख्य बारीक ठिपके. ठिपक्याचा रंग पाहून मी त्याला नाव देत असे.

सुरुवातीला माझी चांगलीच फजिती झाली. झाडांच्या सावल्या पाण्यासारख्याच काळ्या दिसत. मी भर जंगलात जागोजागी डबकी दाखवली. मला शिकवणाऱ्या ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, एकट्या ठिपक्याकडे काय बघतोस? जरा आजूबाजूला बघ की!"

मग त्यांनी मला शेजार विचारात घ्यायला शिकवले. सभोवती झाडीच असेल, तर मधला काळा ठिपका सावली असण्याची शक्यता जास्त, असा हिशेब मी करू लागलो. नकाशे स्वच्छ येऊ लागले. माझे कौतुक झाले.

एके वर्षी नदीला मोठा पूर आला. ताईंचा धाकटा भाऊ बचावाच्या नावेवर होता. त्याचा फोन आला.

"ताई, नाव कुठे नेऊ? चहूकडे पाणीच पाणी आहे."

मी ताज्या छायाचित्रातला सगळा खोलगट भाग निळा रंगवला होता. "खोलगट भागात कोणी नसावं," असे म्हणता म्हणता ताई थांबल्या. मूळ छायाचित्रात पाण्याच्या मधोमध एक फिकट ठिपका होता. चारी बाजूंना पाणी, म्हणून मी तोही पाण्यात जमा केला होता. ताईंनी शेजाऱ्यांच्या मताचे वजन कमी करून मला पुन्हा कामाला लावले. तो ठिपका घर म्हणून उमटला.

"छप्पर दिसतंय. बघून ये."

"अगं, तिथे केवढी ओढ आहे पाण्याला! नाव उलटली तर?"

"वरच्या अंगाने वळसा घाल. जपून जा रे."

फोन बंद झाला. ताई खुर्चीवरून हलल्या नाहीत. पुढ्यातला चहा गार झाला. दुपारी फोन वाजला.

"ताई, बाप आणि त्याच्या दोन लेकी होत्या. तिघंही नावेत आहेत. धाकटी विचारतेय, आम्ही दिसलो कसे?"

ताईंनी चष्मा काढून ठेवला.

पुढे माझ्याहून वेगवान यंत्रे आली. आता मी जिन्याखाली असतो आणि माझ्यावर रिकामी खोकी रचलेली असतात. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र मित्रांनो, नव्या यंत्रांना शेजाऱ्यांचे ऐकायला जरूर शिकवा. पण जो ठिपका शेजाऱ्यांसारखा नाही, तो पुसण्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिथे कोणी हात हलवत उभे असेल.