वीतभर पातं

रानडुकराच्या पोटात भिवाची बायको भात शिजवत होती. कातड्याला कान लावला की भांड्यावरचं झाकण थडथडताना ऐकू यायचं, आणि डुकराच्या नाकपुड्यांतून चुलीचा धूर येत होता. पारधीला गेलेली माणसं आपापल्या वाट्यासाठी पानं घेऊन भोवती उभी होती. कोणाला त्यात नवल वाटलं नाही.

"गो द्वारके, तू आत कशी?" भिवाने विचारलं.

"माका काय ठावक? दार गावत नाय. धूर भरलो हा, लवकर काय ता करा."

डुक्कर फाडायचं काम नेहमी भिवाचंच, आणि सुरीही त्यानेच हौसेने निवडलेली. हातभर लांब, टोकदार, चारचौघांत मिरवायला झकास. गेल्या पारधीनंतर मात्र स्वारीने ती धुतली नाही की पुसली नाही, तशीच ओली चामड्याच्या म्यानात सारली. आता धारेवर गंजाचे खड्डे पडले होते.

ज्याच्याकडून तो हे काम शिकला त्या म्हाताऱ्या तातूने पातं अंगठ्याने चाचपलं.

"ही काय तलवार आणलंस? पोट फाडूक वीतभर पाता पुरे. बोथट सुरी जोर मागता, नि जोर केलास की टोक आत जाता."

"आत द्वारकी आसा."

"म्हणान तर सांगतंय. दोन बोटां घालून कातडा उचल नि धार वर धर."

भिवा दगडावर पाणी शिंपडून सुरी घासू लागला. घासावी तशी ती लांबच होत गेली. टोक डुकराच्या पाठीतून पलीकडे निघेल एवढं पातं झालं, तरी धार काही येईना. माणसं पानं घेऊन एकेक पाऊल पुढे सरकली. त्यांचे गुडघे त्याच्या पाठीला लागले. मागे हटायला जागा उरली नाही.

आतला खोकला बारीक होत चालला. भिवाला रडू फुटलं. त्याने सुरी टेकवली, दाबली, आणि पुन्हा उचलली.

"ऱ्हवांदे," आतून द्वारकी म्हणाली. "तुमच्यान होवचा नाय. माझ्याकडे मासे कापूची सुरी आसा. आखूड आसा, पण रोज पुसून तेल लावतंय तिका."

"धार वर धर," भिवा कळवळून म्हणाला. "दोन बोटां घालून..."

"माका कळता."

सुरी चालल्याचा आवाज आला, नवं कापड फाडावं तसा. भिवा डुकराच्या पोटाकडे डोळे लावून बसला. कातडं होतं तसंच होतं, कुठे चीरही पडली नाही. मग स्वतःच्याच बेंबीच्या खाली, आतून, त्याला दोन उबदार बोटं लागली. त्यांनी त्याची कातडी अलगद उचलून धरली, आणि सदऱ्याचं खालचं बटण तुटून उडालं.