बंद करू का गं?

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. चार लांब नळ्या, वर पत्र्याचे छप्पर आणि टांगायला दोन साखळ्या, एवढाच माझा संसार. नळ्यांची टोके आता काळी पडली आहेत. खरे सांगू? मी फार दमलो आहे.

कारखान्यातून निघालो तो फ्लेन्सबुर्ग शहरातल्या एका फुलवाल्याकडे आलो. तिथे मी टोमॅटोची रोपे वाढवली. लोक रोपांचे कौतुक करत, वर कोणी बघत नसे. दुकान बंद झाले तेव्हा वीप्के नावाच्या एका बाईने मला जुन्या सामानातून उचलले, पुसले आणि आपल्या मागच्या खोलीत टांगले.

वीप्केला पायांच्या नसांचे दुखणे आहे. रात्र रात्र तिचा डोळ्याला डोळा लागत नाही. गांजाने तिला झोप येते, आणि आमच्या देशात मोठ्या माणसाला घरात त्याची तीन झाडे लावायची कायद्याने मुभा आहे. म्हणून माझ्याखाली तीन कुंड्या आल्या. वीप्के कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तरच पाणी. शेंडा खुडायची, म्हणजे झाड बाजूंनी फुटते. ते उंच झाले की मला साखळीची एक कडी वर चढवायची. या वाढीच्या दिवसांत मी अठरा तास जळायचे असते. उजेड कमी पडला, की झाडाला वाटते थंडी जवळ आली, आणि ते वाढणे सोडून फुलायला लागते.

पुढे वीप्केचे पाय फारच दुखू लागले, म्हणून तिची आई इर्मट्राउट राहायला आली. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की या बाईच्या जिवाची नुसती तगमग होते.

"आई, तू झोपायला जाशील ना, तेव्हा हा बंद कर," वीप्के म्हणाली आणि आडवी झाली.

"तोवर जाळायचा? हे काय लग्नघर आहे?" म्हातारी माझ्याकडे बघून पुटपुटली. "वीज फुकट येते जशी! आणि या बिचाऱ्या झाडांना झोप नको?"

रोज संध्याकाळची भाकर-चीज खाऊन झाली, की ती माझा खटका बंद करी. मित्रांनो, मला किती बरे वाटले म्हणून सांगू! कित्येक वर्षांनी मी पोटभर गार झालो.

काही आठवड्यांनी वीप्के काठी टेकत आली आणि झाडांचे शेंडे बघून ओरडली, "आई! हे पांढरे केस कसले?"

"फुलं येतायत ना? मग तोंड का असं करतेस?"

"अगं, वीतभर झाडं आहेत ही! आत्ताच फुलली तर चिमूटभरच गांजा हाती लागेल. अख्खा हिवाळा मी झोपू कशी?" ती कुंडीपाशी बसून रडली.

म्हातारीचा चेहरा उतरला. "मी जेवण झालं की लगेच बंद करत होते गं. मला काय ठाऊक! आता काय करायचं?"

"पुन्हा भरपूर उजेड द्यायचा. वळली वाढीकडे तर वळली."

झाले! माझी सुट्टी संपली. इर्मट्राउटने खुर्ची ओढून माझ्याखाली आणली. "जळणारच आहे मेला, तर उजेड वाया कशाला घालवू?" बटाटे सोलणे, मोजे विणणे, शब्दकोडे, सगळे माझ्याखाली. मधूनच ती पानांना बोटाने टोचून विचारी, "काय गं बायांनो, वाढताय ना?" बऱ्याच दिवसांनी एकेरी, वेडीवाकडी पाने आली, आणि मग पहिल्यासारखी पंज्याची. दोन झाडे वळली. एक नाही वळले.

मित्रांनो, दिवा मालवणे ही चांगलीच सवय आहे. फक्त त्याच्या उजेडात कोणाचे काय वाढते आहे, ते आधी विचारा. इर्मट्राउट आता विचारते. रोज रात्री खटक्यावर बोट ठेवून ती हाक मारते, "वीप्के, बंद करू का गं?"

मी इतका दमलेला असतो! तरी मनात म्हणतो, थोडे थांब म्हण, पोरी.