के रांगेतली शेजारीण

ग्लेनिसची आणि माझी ओळख फक्त शनिवारची. तीही एक शनिवार सोडून एक, सप्टेंबर ते मे, विनबरी रग्बी क्लबच्या पूर्वेकडच्या स्टँडमध्ये, 'के' अक्षराच्या रांगेत. माझी सीट सतरा, तिची अठरा. सीझन तिकीट एकदा काढलं की तीच खुर्ची वर्षानुवर्षं आपली राहते, आणि शेजारी कोण येणार ते क्लब ठरवतो. ठरवून केलेल्या लग्नासारखंच ते, फक्त काडीमोड जवळजवळ होत नाही. असे आम्ही वीसेक वर्षं बसलो.

तिचं आडनाव मला माहीत नव्हतं. बाहेरच्या माणसांना याचं हसू येतं, आमच्या स्टँडमध्ये कुणाला येणार नाही. माझ्या मागे बसणारा रॉयस्टन हा निवृत्त खाटीक. त्याचे गुडघे इतकी वर्षं माझ्या पाठीला लागतायत, पण तो राहतो कुठे ते मला ठाऊक नाही. आडनाव, पत्ता विचारणं म्हणजे उगाच चौकशी केल्यासारखं होतं. आणि गरज तरी काय? पुढची मॅच असतेच.

बाकी बरंच ठाऊक होतं. तिचे वडील जुन्या काळात क्लबकडून स्क्रमच्या, म्हणजे बॉलसाठी आठ-आठ जणांची रेटारेटी होते तिच्या, पहिल्या फळीत खेळायचे, तेव्हा खेळण्याचे पैसे मिळत नसत आणि सोमवारी सकाळी सुजलेल्या कानांनिशी ओतशाळेत कामाला जावं लागे. ती नदीपलीकडे राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी कॅनडात. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ती थर्मास आणायची. कप तिचा, झाकण माझं. नोव्हेंबर लागला की एक चौकड्यांचं पांघरूण निघायचं, ते आम्हा दोघांच्या मांड्यांवर पुरायचं. याहून जास्त काही घडलं नाही, आणि जे घडलं नाही ते कसं लिहावं हे मला नीटसं कळत नाही.

मी आयुष्यभर गावच्या वाचनालयात पुस्तकांना क्रमांक दिले. ओरडणं मला जमत नाही. दोघांच्या वाटचं ती ओरडायची.

"अहो नॉरिस, बॉलकडे काय बघता? बॉल कुठे पळून जातोय? पाय बघा! त्या तीन नंबरचे पाय बघा, घसरतायत मागे!"

"त्यांना काही सांगू नका," मागून रॉयस्टन म्हणायचा, "प्रोफेसरांचं पान संपायचंय अजून." हाफटाइमला मी पुस्तक उघडतो म्हणून त्याने मला हे नाव दिलेलं.

"तुम्ही तर बोलूच नका. मागच्या मॅचला रेफ्रीला म्हातारा बोकड म्हणालात आणि नंतर कळलं तो तुमचा सख्खा भाचा!"

"भाचा आहे म्हणून तर खात्रीने सांगतो!"

अख्खी रांग हसायची. मीही हसायचो, आणि हसताना तिच्याकडे बघायची सवलत मिळायची.

क्लब बुडाला तो एका बुधवारी. आधीच्या शनिवारी आम्ही जिंकलो होतो. खेळाडूंचे पगार थकलेत, करही भरलेला नाही अशी कुजबुज उन्हाळ्यापासून होती. पण मालक दर वेळी नवा गुंतवणूकदार येतोय म्हणून सांगायचा आणि आम्ही विश्वास ठेवायचो, कारण विश्वास न ठेवून शनिवारी करायचं काय? बुधवारी कळलं की मैदान भलत्याच कंपनीच्या नावावर आहे आणि क्लबच्या नावावर उरलंय ते फक्त देणं. क्लबला स्पर्धेतून काढलं. फाटकाला साखळी लागली.

त्या शनिवारी माणसं तरीही आली. तीन वाजता, म्हणजे मॅच सुरू झाली असती तेव्हा, फाटकाबाहेर हजारेक माणूस उभं होतं. कुणी लाल-काळे मफलर गजांना बांधत होतं, कुणी गात होतं. मी ग्लेनिसला शोधत फिरलो आणि मला एक विचित्र गोष्ट कळली. मी तिला समोरून फारसं पाहिलंच नव्हतं. मला ठाऊक होती ती तिची एक बाजू, बसलेली, टोपीतली. उभी राहिल्यावर ती किती उंच दिसते, दुरून चालते कशी, काही सांगता येईना. खुर्चीचा क्रमांक काढून घेतला तर मला तिला ओळखता येत नव्हतं. अंधार पडेपर्यंत थांबलो. ती आली होती की नव्हती, कोण जाणे.

पुढचं वर्ष मी शनिवारी दुपारी नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे फिरायला जाऊ लागलो. विचारणार कुणाला आणि काय? एकदा तिकडच्या पोस्टात शिरलो. खिडकीतल्या बाईंनी "बोला" म्हटल्यावर माझा धीर सुटला आणि मी पोस्टाची तिकिटं विकत घेतली. असं तीनदा झालं.

मग चाहत्यांनीच क्लब पुन्हा उभा करायचं ठरवलं. शाळेच्या सभागृहात सभा झाली. नवा क्लब चार पायऱ्या खाली, जवळजवळ हौशी संघांत खेळणार, मालक कुणी नाही, सगळे वर्गणीदारच मालक, मैदान भाड्याने. ते भाडं निघायचं तर सीझन तिकिटं खपायला हवीत, देणगीदार नंतर. "जुन्या लोकांना आपापल्या जुन्या खुर्चीवर पहिला हक्क," अध्यक्षबाई म्हणाल्या, "जूनअखेरपर्यंत. त्यानंतर जो येईल त्याला."

मी पहिल्याच दिवशी सतरा नंबर घेतला. तिकीटखिडकीवर डिलिस होती. क्लबच्या चांगल्या दिवसांत ती तिथे पगारी नोकर होती, आता फुकट बसायची.

"आणि अठरा?" मी विचारलं.

"अठरा कुणाची ते मी सांगायचं नसतं, नॉरिस. पण अजून कुणी नेलेली नाही."

मी दर आठवड्याला जाऊ लागलो. शेवटी डिलिस मला लांबूनच बघून मान हलवायची. जून संपला. एक जुलैला खिडकीपाशी रॉयस्टन भेटला, खुशीत होता.

"प्रोफेसर, तुमच्या शेजारची जागा मोकळी आहे म्हणे. माझा मेव्हणा घेतोय."

"कोण, ते... कांद्याचे वेफर्स खाणारे?"

"तोच. दोन पाकिटं हाफटाइमच्या आधी, दोन नंतर. तुमच्याशी जमेल त्याचं. तोही बोलत नाही, तोंड रिकामं नसतं ना."

मला काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. त्या खुर्चीत ते वेफर्स, तो कुरकुर आवाज, अख्खा मोसम. मी रॉयस्टनला ओलांडून पुढे झालो (असं मी कधी कुणाच्या पुढे गेलेलो नाही) आणि डिलिसला म्हणालो, "अठरा नंबर मला द्या."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"मग सतरा?"

"तीही माझीच."

रॉयस्टनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिट्टी मारली. "जाड झालात की काय हो?" एवढंच म्हणाला.

सप्टेंबरात पहिली मॅच. ऊन होतं, स्टँडचा रंग उडालेला, पण फाटकावर रांग होती. समोर एका खेड्याचा संघ, त्यात एक जण टक्कल पडलेला, एक अंगणात पळावं तसा पळणारा. तरी लाल-काळा संघ मैदानात आला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतली दोन मोठी माणसं रडत होती. माझ्या शेजारी अठरा नंबरची खुर्ची मिटून उभी. मी त्या बाजूला बघायचं टाळत होतो, आणि तेवढंच करत होतो.

"पाहुणे उशिरा येणार वाटतं," मागून रॉयस्टन.

हाफटाइमला मी पुस्तक उघडलं नाही. डिलिस देणगीचा डबा हलवत रांगेरांगेने येत होती. माझ्यापाशी थांबली, मिटलेल्या खुर्चीकडे बघून तिचा चेहरा पडला.

"कोणी आलं नाही का तुमच्याबरोबर?"

"कोण येणार होतं?"

"मला वाटलं तुम्ही कुणासाठी..." ती खाली वाकली, हळू बोलू लागली. "ऑगस्टात एक बाई आल्या होत्या. सगळा उन्हाळा कॅनडात होत्या म्हणे, लेकीकडे. अठरा नंबर मागितला. मी म्हटलं, गेला. कुणी घेतला विचारलं, तर मी... सांगायला नको होतं खरं तर. म्हटलं, सतरा नंबरवाल्यांनीच घेतलाय."

"मग?"

"मग काही नाही. म्हणाल्या, हो का? बरं झालं, त्यांना कोणीतरी मिळालं तर."

डब्यातली नाणी खुळखुळली. तिची जागा राखायला म्हणून मी जे केलं होतं, त्यानेच तिला हाकललं होतं.

"निघून गेल्या का त्या?"

"नाही हो. नदीकडच्या कठड्याचं तिकीट घेतलं. उभ्याचं. मी म्हटलं, गुडघा? तर म्हणाल्या, गुडघा माझा, तू तिकीट फाड."

दुसरा हाफ सुरू झाला होता. मॅच चालू असताना आमच्याकडे कुणी उठत नाही; स्टँडमध्ये लोक आजारीसुद्धा खेळ थांबल्यावर पडतात. मी उठलो. "बसा खाली!" कुणीतरी ओरडलं. "अहो, प्रोफेसर निघाले!" रॉयस्टन ओरडला, "कुणीतरी पुस्तकात खूण घाला!" मी पायऱ्या उतरलो, मैदानाच्या कडेने गेलो, नदीकडच्या उताराशी आलो. तिथे सगळे उभे, कठड्याला टेकून, सगळ्यांचे चेहरे खेळाकडे. मी समोरून चालत एकेकीच्या तोंडाकडे बघू लागलो. "काका, आम्ही तिकीट तुम्हाला बघायला नाही काढलं," एक जण म्हणाला. शेवटी मी थांबलो आणि हाक मारली. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "ग्लेनिस!"

दोघींनी माना वळवल्या. एक तिशीची होती. दुसरी बुटकी, मला वाटत होती त्यापेक्षा खूपच बुटकी, निळ्या टोपीतली.

"नॉरिस? अहो, मॅच सोडून काय करताय इथे? आणि त्या कुठेयत?"

"कोण त्या?"

"अठरा नंबरच्या."

"कोणी नाही. मी रिकामी घेतली."

"रिकामी म्हणजे?"

"रॉयस्टनचा मेव्हणा घेत होता. वेफर्सवाला. मला वाटलं, तुम्ही आलात आणि तो बसलेला असला तर..."

कठड्यावर तिचा हात होता, त्याची बोटं तिने आवळली, सोडली.

"वेडे आहात," ती म्हणाली. "दोन तिकिटं. तुमच्या पेन्शनीत. आणि मी इथे उभी, गुडघ्याच्या नावाने बोंब, अन् म्हणतेय, बसली असेल कोणीतरी माझ्या जागी, चांगली शिकलेली, पुस्तकं वाचणारी."

मी खिशातून तिकिटाचं कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं, चष्मा वर करून क्रमांक वाचला, आणि पर्समध्ये टाकलं. मग मी विचारलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"तुमचं आडनाव काय, ग्लेनिस?"

"ते कशाला? पत्र लिहिताय?"

"हो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती, नक्की बोलणार होती, पण तेवढ्यात समोरच आमच्या बाजूचा स्क्रम लागला, दोन्हीकडचे सोळा जण एकमेकांत घुसले आणि तिने माझं मनगट गच्च पकडलं. "थांबा! आधी हे बघा!" आमची पहिली फळी इंचाइंचाने पुढे सरकत होती. उतारावरचे सगळे एका आवाजात ओरडत होते, आणि मीही ओरडत होतो. बॉल रेषेपार टेकला नाही, ट्राय हुकला. मॅच आम्ही हरलो.

माणसं फाटकाकडे लोटली. भोंग्यावरून अध्यक्षबाई सांगत होत्या: ख्रिसमसपर्यंतचं भाडं भरलंय, पुढचं तुमच्या हातात आहे, पुढच्या वेळी येताना एकेक माणूस घेऊन या. पुलापाशी गर्दी फुटली, अर्धी पलीकडे, अर्धी इकडे. तिने हात वर केला. "येते मग. पुढच्या मॅचला, वर! थर्मास आणते!" आणि मला परत विचारायचं होतं, ओठांवर होतं, पण एकदा विचारायला जितका धीर लागतो तेवढाच माझ्यापाशी होता. निळी टोपी थोडा वेळ दिसली, मग इतर टोप्यांत गेली.

आयुष्यभर मी वर्तमानपत्रातलं पैशाचं पान न उघडता बाजूला ठेवत आलो. त्या पंधरवड्यात मी तेच आधी उघडत होतो: किती तिकिटं खपली, मैदानाची कंपनी काय म्हणते, कुठला दुकानदार मैदानाकडेच्या फळ्यांवर जाहिरात लावतो. खपली ती पुरेशी नव्हती. डिलिसच्या डब्यात पैसे टाकायला मी दोनदा जाऊन आलो. क्लबने वर चढावं, जुने दिवस यावेत, असं आमच्यातला प्रत्येक जण मनात धरून आहे, आणि मी कुणाला नको म्हणत नाही. पण मला विचाराल तर मला चषक नको, विजय नको. एका शनिवारी, तीनच्या आत, ते फाटक उघडं असू दे.